शांतिनिकेतन, सेवाग्राम आणि कोसबाड : निसर्गनिरीक्षण व कलानिर्मिती यांची सांगड घालणाऱ्या शालेय भटकंतीचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

शालेय सहल, परिसर अभ्यास आणि चित्रकला हे आज शाळेच्या वेळापत्रकातील तीन स्वतंत्र कप्पे आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातील काही शिक्षणकेंद्रांनी मात्र या तिन्हींना एकाच कृतीची अंगे मानले होते. प्रस्तुत शोधनिबंधात शांतिनिकेतन, सेवाग्राम आणि कोसबाड या तीन केंद्रांतील प्रयोगांचा ऐतिहासिक क्रमाने परामर्श घेतला आहे. ही परंपरा कोणत्या गरजेतून जन्मली, महाराष्ट्राशी तिचा संबंध कसा आला आणि सार्वत्रिक शालेय शिक्षणात ती का रुजली नाही, या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजशब्द : निसर्गनिरीक्षण, कलाशिक्षण, शांतिनिकेतन, नंदलाल बोस, नई तालीम, कुरणशाळा.

प्रस्तावना

मुलाला वर्गात बसवून झाडाचे चित्र काढावयास सांगितले तर बहुधा एकच चित्र हाती येते : तपकिरी रंगाचे सरळ खोड आणि त्यावर हिरवा गोल. हे झाड आंब्याचे नसते, बाभळीचे नसते, पळसाचेही नसते. ते पाहिलेले झाड नसून शिकविलेले झाड असते. त्याच मुलाच्या घरासमोर चिंच असेल, शाळेच्या वाटेवर शेवगा असेल, तरी ती झाडे कागदावर उतरत नाहीत. विज्ञानाच्या तासाला तो पानाचे भाग तोंडपाठ म्हणतो, चित्रकलेच्या तासाला हिरवा गोल काढतो आणि वार्षिक सहलीला जाऊन आल्यावर 'आमची सहल' या विषयावर निबंध लिहितो. या तीन कृतींचा परस्परांशी संबंध आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

हा दोष मुलाचा नाही. पाहणे आणि काढणे यांची फारकत आपल्या शिक्षणव्यवस्थेत एका विशिष्ट ऐतिहासिक प्रक्रियेतून झाली आणि ती दूर करण्याचे प्रयत्नही आपल्याच देशात झाले. त्या प्रयत्नांचा इतिहास कलेच्या इतिहासात चित्रकारांच्या नावाने आणि शिक्षणाच्या इतिहासात विचारवंतांच्या नावाने नोंदला गेला. मुलांना घेऊन बाहेर पडण्याची जी साधी कृती त्यांच्या मुळाशी होती, तिच्याकडे स्वतंत्रपणे पाहिले गेलेले फारसे आढळत नाही. ती उणीव अंशतः भरून काढणे हा या निबंधाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. वसाहतकालीन चित्रकला शिक्षणाच्या पार्श्वभूमीवर शांतिनिकेतनमधील प्रयोगाचे वेगळेपण स्पष्ट करणे.
२. शांतिनिकेतनची ही दृष्टी सेवाग्रामपर्यंत कशी पोहोचली, याचा मागोवा घेणे.
३. कोसबाड येथील कुरणशाळेच्या संदर्भात या परंपरेच्या मर्यादा तपासणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित आत्मकथने, शिक्षणविषयक अहवाल आणि कलासमीक्षापर ग्रंथ यांचा आधार घेतला आहे.

पार्श्वभूमी : नकलेची शिस्त

मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील सरकारी कलाशाळांवर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीचा प्रभाव होता. छापील नमुन्यांवरून रेखाटन, त्यानंतर भूमितीय आकार, त्यानंतर प्लास्टरच्या प्रतिकृती असा या पद्धतीचा चढता क्रम होता. हाताची अचूकता व नजरेची मोजमापशक्ती वाढविणे हे तिचे उद्दिष्ट होते. कुशल कारागीर व नकाशानवीस घडविण्यासाठी ही पद्धत उपयुक्त होती, हे नाकारता येत नाही. याच विद्यालयाच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पुढील अनेक वर्षे विद्यार्थ्यांकरवी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. हे कामही त्याच शिस्तीचे फलित होते.

शालेय चित्रकलेने मात्र या पद्धतीतील शिस्त तेवढी उचलली. महाराष्ट्रातील शासकीय रेखाकला परीक्षांमधील वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन हे विषय आजही तिची आठवण करून देतात. यांपैकी 'स्मरणचित्र' हा शब्द विचार करण्याजोगा आहे. जे पूर्वी पाहिले त्याचेच स्मरण होऊ शकते. पाहण्याची सोय न करता स्मरणाची परीक्षा घेतली तर विद्यार्थी पाठ केलेले चित्र काढतो.

याच सुमारास पाश्चात्त्य देशांतही पुस्तकी विज्ञानाविरुद्ध एक चळवळ आकाराला येत होती. लुई अगासी यांनी १८७३ मध्ये अमेरिकेतील पेनिकीज बेटावर शिक्षकांसाठी निसर्गाभ्यासाची उन्हाळी शाळा भरविली. पुढे ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांच्या १९११ मधील निसर्गाभ्यासविषयक ग्रंथाने ही दृष्टी असंख्य शिक्षकांपर्यंत नेली. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांनी परिसराची पाहणी हाच शिक्षणाचा पाया मानला. गेडिस १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व समाजशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि त्यांचे पुत्र आर्थर यांनी शांतिनिकेतनजवळील श्रीनिकेतन येथे काम केले. तथापि शांतिनिकेतनचा प्रयोग या चळवळींचे अनुकरण नव्हता. त्याची मुळे बंगालच्या लाल मातीत आणि रवींद्रनाथांच्या स्वतःच्या शालेय जीवनातील कटू अनुभवात होती.

शांतिनिकेतन : वर्गाबाहेरचा वर्ग

२२ डिसेंबर १९०१ रोजी रवींद्रनाथ ठाकूर यांनी शांतिनिकेतन येथे अवघ्या पाच विद्यार्थ्यांनिशी ब्रह्मचर्याश्रमाची शाळा सुरू केली. झाडाखाली भरणारे वर्ग ही या शाळेची सर्वपरिचित ओळख. परंतु झाडाखाली बसून पुस्तकच वाचावयाचे असेल तर छताऐवजी सावली आली, एवढाच फरक पडतो. शांतिनिकेतनचे खरे वेगळेपण असे की तेथे ते झाड हाही अभ्यासाचा विषय होता. जगदानंद राय यांच्यासारखे विज्ञानशिक्षक तेथे होते. ग्रहनक्षत्रे, कीटक, पक्षी या विषयांवर त्यांनी मुलांसाठी बंगालीत सुबोध पुस्तके लिहिली. तेजेशचंद्र सेन हे वृक्षवेडे शिक्षक एका ताडाच्या झाडाभोवती बांधलेल्या 'तालध्वज' या कुटीत राहत. वर्षामंगल, शारदोत्सव, वसंतोत्सव आणि १९२८ पासून वृक्षारोपण असे ऋतूंचे उत्सव शाळेच्या दिनदर्शिकेचा भाग झाले.

सभोवतालचा भूप्रदेश मात्र रूढ अर्थाने रम्य नव्हता. बीरभूम जिल्ह्यातील ही जमीन जांभ्या दगडाची, लाल, पावसाने चिरत गेलेली. या धुपलेल्या घळींना स्थानिक लोक 'खोआई' म्हणतात. अधूनमधून ताडाची उंच झाडे, दूरवर कोपाई नदीची बारीक रेषा आणि संथाळांची गावे. घनदाट अरण्य नाही, हिमशिखर नाही, समुद्र नाही. अशा उघड्या माळावर डोळ्यांना लगेच काही गवसत नाही, थांबावे लागते. शांतिनिकेतनच्या कलाशिक्षणातील सबुरीचे मूळ या भूमीतच शोधावे लागेल.

या शाळेच्या आरंभीच्या काळात एक मराठी माणूसही तेथे होता. साताऱ्यास जन्मलेले काकासाहेब कालेलकर १९१४-१५ च्या सुमारास काही महिने शांतिनिकेतनात शिक्षक होते आणि तेथेच त्यांची गांधीजींशी भेट झाली. पुढे त्यांनी नद्यांविषयी लिहिलेले 'लोकमाता' वाचताना, भूगोल आणि सौंदर्यदृष्टी यांना वेगळे न करण्याची वृत्ती पानोपानी जाणवते. ती केवळ शांतिनिकेतनची देणगी होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु दोहोंचा स्वभाव एक होता, इतके निश्चित म्हणता येते.

नंदलाल बोस आणि पाहण्याचे शिक्षण

कलाभवनाची स्थापना १९१९ मध्ये झाली. नंदलाल बोस (१८८२–१९६६) यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी त्याची धुरा स्वीकारली आणि १९५१ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती सांभाळली. त्यांची स्वतःची जडणघडणही प्रवासातून झाली होती. लेडी हेरिंगहॅम यांच्या पुढाकाराने १९०९ ते १९११ या काळात अजिंठ्यात झालेल्या प्रतिकृतींच्या कामात त्यांचा सहभाग होता. १९२१ मध्ये असितकुमार हालदार व सुरेंद्रनाथ कर यांच्यासह ते बाघच्या गुंफांत गेले. अजिंठ्याच्या भिंतींवरील हत्ती, हंस, कमळे, केळी ही निसर्गाच्या प्रदीर्घ सहवासाशिवाय शक्य नाहीत, याचा प्रत्यय त्यांना महाराष्ट्राच्या भूमीवर आला, असे मानण्यास जागा आहे.

नंदलालांच्या अध्यापनाचे स्वरूप त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहून ठेवले आहे. ते स्वतः कोऱ्या टपालपत्रांच्या आकाराची कार्डे जवळ बाळगत आणि फिरताना दिसेल ते टिपत : बकरी, बैलगाडी, गवताचे पाते, मोट्या वाहणारी बाई. अशी असंख्य कार्डे त्यांनी विद्यार्थ्यांना व स्नेह्यांना पाठविली. कलाभवनाचे विद्यार्थी सकाळ-संध्याकाळ माळावर, गावांत, बाजारात भटकत आणि दरवर्षीच्या अभ्याससहलीत ऐतिहासिक स्थळी मुक्काम करून चित्रे काढीत. १९४० ते १९४२ या काळात तेथे शिकलेले सत्यजित राय यांनी सांगितलेली एक आठवण या संदर्भात महत्त्वाची आहे. झाडाचे चित्र वरून खाली काढणाऱ्या विद्यार्थ्याला नंदलाल अडवीत; झाड जमिनीतून वर वाढते, तेव्हा कुंचलाही बुंध्याकडून शेंड्याकडे गेला पाहिजे, असे ते शिकवीत.

वरवर पाहता ही रेखाटनाची एक युक्ती वाटते. वास्तविक या एका सूचनेत वनस्पतिशास्त्र आणि चित्रकला एकत्र आली आहेत. झाडाचा आकार ही त्याच्या वाढीची नोंद असते. फांदी कोठे फुटली, प्रकाशाकडे कशी वळली, वाऱ्याने कोणत्या बाजूला झुकली, हे ज्याने पाहिले त्याचीच रेषा बुंध्यापासून वर जाऊ शकते. साउथ केन्सिंग्टन पद्धतीत वस्तूची बाह्यरेषा अचूक हवी असे. नंदलालांना त्या रेषेमागील जीवनलय हवी होती. दोन्हींना निरीक्षण लागते, परंतु पहिले निरीक्षण मोजपट्टीचे आणि दुसरे सहवासाचे.

ही दृष्टी त्यांनी शाळांसाठीही मांडली. शिक्षणातील कलेच्या स्थानाविषयी लिहिताना त्यांनी सुचविलेल्या उपायांत संग्रहालयांच्या भेटींबरोबरच ऋतुदर्शनालाही स्थान आहे. शरदातील भाताची शेते व कमळांचे तलाव, वसंतातील पळस व काटेसावरीचा बहर मुलांनी प्रत्यक्ष जाऊन पाहावा, त्यासाठी शाळेने सुट्टी व वनभोजन योजावे, असा त्यांचा आग्रह होता. निसर्गाशी खरी ओढ एकदा जडली की सौंदर्याचा झरा आटत नाही, असा त्यांचा विश्वास दिसतो. रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' (१९३०) या प्राथमिक वाचनमालेसाठी नंदलालांनी केलेली छापचित्रे या विचाराचे मुद्रित रूप होत. मूल घराबाहेर जे पाहते तेच अक्षरांच्या शेजारी, काळ्या-पांढऱ्या ठसठशीत आकारांत त्याला भेटते.

या शिक्षणाची कसोटी पाहावयाची असेल तर बिनोदबिहारी मुखर्जी (१९०४–१९८०) यांचे उदाहरण घ्यावे. जन्मतः एका डोळ्याने दृष्टिहीन आणि दुसऱ्याने अत्यंत अधू असलेल्या या मुलाला नेहमीच्या शाळेत टिकणे कठीण होते. १९१७ मध्ये तो शांतिनिकेतनच्या शाळेत आला आणि पुढे कलाभवनाच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक झाला. खोआईचा ओसाड माळ हा त्याच्या चित्रांचा आयुष्यभराचा विषय ठरला. कलाभवनाच्या वसतिगृहाच्या छतावर त्यांनी १९४० मध्ये रंगविलेल्या भित्तिचित्रात बीरभूमचे ग्रामजीवन, झाडे, तळे, माणसे व जनावरे एकाच विस्तारात पसरलेली आहेत. १९५७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर दृष्टी पूर्णपणे गेल्यावरही त्यांनी कलानिर्मिती थांबविली नाही. ज्याला सर्वांत कमी दिसत होते, त्यानेच त्या भूमीकडे सर्वांत निष्ठेने पाहिले. निरीक्षण हा केवळ नेत्रांचा व्यापार नाही, हे यापेक्षा अधिक स्पष्टपणे सांगता येणार नाही.

शांतिनिकेतन ते सेवाग्राम

गांधीजींच्या आग्रहावरून नंदलालांनी डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट बांबू व अन्य स्थानिक साहित्यातून केली. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन होय. त्यानंतर १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी ग्रामजीवनावरील चित्रफलकांची मालिका तयार केली. कार्डांवरील भटकंतीची रेखाटने आणि हे फलक यांचे नाते सहज ओळखू येते.

शिक्षणाच्या क्षेत्रात शांतिनिकेतन व वर्धा यांना जोडणारा दुवा आर्यनायकम् दांपत्याच्या रूपाने लाभला. ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी हे दोघेही शांतिनिकेतनात काम करून वर्ध्यास आले होते. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने बुनियादी शिक्षणाचा आराखडा मांडला. त्यात मूलोद्योग, मातृभाषा, गणित, सामाजिक अभ्यास, निसर्गाभ्यासासह सामान्य विज्ञान, चित्रकला, संगीत व हिंदुस्थानी यांचा समावेश होता. निसर्गाभ्यास आणि चित्रकला दोन्ही यादीत आहेत. परंतु सर्व विषयांचे केंद्र मूलोद्योग हे आहे.

१९४४ मध्ये नंदलालांचे विद्यार्थी देवीप्रसाद (१९२१–२०११) कलाशिक्षक म्हणून सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तेथे राहिले. चित्रकार व कुंभार असलेल्या देवीप्रसादांनी सेवाग्रामच्या मुलांबरोबरच्या अनुभवातून कला हाच शिक्षणाचा आधार होय, हा विचार ग्रंथरूपाने मांडला. शांतिनिकेतनचे मूल निसर्गाकडे जात होते. सेवाग्रामचे मूल शेतात, गोशाळेत, कापसात आधीच उभे होते. त्यामुळे निरीक्षणाला श्रमाची जोड मिळाली. कापसाचे बोंड चित्रात काढणारा हातच ते वेचीत व कातीत होता. हा बदल लहान नाही. सौंदर्यासाठी पाहणे आणि उपजीविकेसाठी पाहणे यांतील अंतर सेवाग्रामने कमी केले.

तथापि बुनियादी शिक्षण शासकीय शाळांत पोहोचले तेव्हा चरखा व तकली पोहोचली. देवीप्रसादांचा कलावर्ग पोहोचला नाही. वस्तू वाटता येतात, दृष्टी वाटता येत नाही. शिक्षक-प्रशिक्षणात जे मोजता येत होते तेच टिकले.

कोसबाड : शाळाच बाहेर पडते तेव्हा

येथवरच्या विवेचनातून एक प्रश्न उपस्थित होतो. निसर्गात सहल काढण्याची गरज कोणाला असते? शांतिनिकेतनच्या चित्रांत संथाळ स्त्री-पुरुष वारंवार येतात. रामकिंकर बैज यांचे १९३८ चे 'संथाळ परिवार' हे शिल्प तर आधुनिक भारतीय शिल्पकलेचा मानबिंदू ठरले आहे. परंतु वही घेऊन संथाळांच्या गावात जाणारे विद्यार्थी प्रामुख्याने मध्यमवर्गीय होते. संथाळ मूल वही घेऊन कोठे जाणार, हा प्रश्न त्या भटकंतीत गौण राहिला. बांकुड्याच्या एका गरीब नाभिक कुटुंबातून १९२५ मध्ये आलेले रामकिंकर स्वतः या नियमाचे अपवाद होते.

या प्रश्नाला वेगळ्या वाटेने उत्तर मिळाले ते महाराष्ट्रात. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर स्थलांतरित झाले. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी बिया, पाने, खडे, शिंपले, माती यांनाच शैक्षणिक साधनांचे रूप दिले. वारली मुले शाळेत येत नव्हती, कारण ती गुरे राखण्यास जात होती. तेव्हा शिक्षकच त्यांच्यामागे कुरणात गेले आणि 'कुरणशाळा' जन्मास आली.

कुरणशाळेला सहल म्हणता येत नाही. ती सहलीची उलट बाजू आहे. येथे मुलाला निसर्गाची ओळख करून द्यावयाची नव्हती. कोणती वेल विषारी, कोणते फळ कधी पिकते, गाय कोणत्या गवताला तोंड लावीत नाही, हे त्याला शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक होते. कलाही त्याच्या घरी होती. लग्नप्रसंगी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या स्त्रिया त्याच्याच आई-आजी होत्या. पुढे जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही चित्रपरंपरा जगभर पोहोचली. म्हणजेच निसर्गज्ञान आणि कला या मुलाच्या जीवनात जोडलेलीच होती. त्याला या दोहोंपासून तोडणारी गोष्ट होती ती चार भिंतींतील शाळा. कुरणशाळेने हे तोडणे टाळण्याचा प्रयत्न केला, हे तिचे ऐतिहासिक महत्त्व होय.

वर्तमान संदर्भ

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कलेला शालेय शिक्षणात अधिक भक्कम स्थान देण्याची शिफारस केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कलासमावेशक अध्यापनाचा आणि सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांच्या दप्तरमुक्त काळाचा उल्लेख आहे. शांतिनिकेतनचा २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. वारसा मान्य झाला, धोरणही अनुकूल आहे. असे असताना परंपरा शाळांत का उतरत नाही?

वरील इतिहास या प्रश्नाचे एक उत्तर सुचवितो. या तिन्ही ठिकाणी बाहेर पडणे हा प्रसंग नव्हता, तो रिवाज होता. खोआईचा माळ रोजचा होता, सेवाग्रामचे शेत रोजचे होते, कोसबाडचे कुरण रोजचे होते. एकदा पाहिलेले झाड म्हणजे दृश्य. वर्षभर पाहिलेले झाड म्हणजे अभ्यास. आजची सहल दूर जाते, एका दिवसात पाच स्थळे उरकते आणि परत येते. तिच्यात थांबण्याला जागा नसते, आणि थांबल्याशिवाय चित्र निघत नाही.

निष्कर्ष

१. निसर्गनिरीक्षण व कलानिर्मिती यांची सांगड घालणारी शालेय भटकंती ही भारतात आयात झालेली कल्पना नव्हती. समकालीन पाश्चात्त्य चळवळींशी तिचा संपर्क असला तरी तिचे स्वरूप स्थानिक भूमीने ठरविले.

२. शांतिनिकेतनने पाहण्याला सौंदर्याची, सेवाग्रामने श्रमाची आणि कोसबाडने मुलाच्या स्वतःच्या ज्ञानाची जोड दिली. कलासमीक्षक आर. शिवकुमार यांनी शांतिनिकेतनच्या कलेसाठी वापरलेली 'संदर्भनिष्ठ आधुनिकता' ही संकल्पना शिक्षणाच्या बाबतीत या तिन्ही केंद्रांना लागू करता येईल.

३. ही परंपरा सार्वत्रिक झाली नाही, कारण तिचा गाभा साधनांत नसून शिक्षकाच्या दृष्टीत होता आणि प्रशिक्षणव्यवस्थेने साधने तेवढी स्वीकारली.

४. ग्रामीण व आदिवासी भागातील शाळांसाठी शांतिनिकेतनपेक्षा कोसबाडचा धडा अधिक जवळचा आहे. तेथे मुलाला निसर्गाकडे नेण्याआधी मुलाजवळचा निसर्ग शाळेने ओळखला पाहिजे.

हे सारे घडवून आणण्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. शाळेच्या आवारातील किंवा वाटेवरील एक झाड, प्रत्येक मुलाची एक साधी वही आणि जूनपासून एप्रिलपर्यंत आठवड्यातून एक तास एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. पावसाळ्यातील पालवी, हिवाळ्यातील पानगळ आणि चैत्रातील बहर एकाच वहीत उतरला, तर वर्षाअखेरीस त्या मुलाच्या चित्रातील झाडाला नाव असेल. ते नाव त्याने स्वतः मिळविलेले असेल.